थोरला आधी बसवायचा

…नाही, नाही, उभी राहू नकोस, बस. ते स्टूल ओढ — त्याच्यावरचा प्रिंटर खाली ठेव, मेलेलाच आहे तो — हां, बस आता. तीन महिने झाले, दारात उभ्या उभ्या विचारून जातेस, ‘दादा, झाला का लॅपटॉप, दादा, झाला का लॅपटॉप’, आणि मी म्हणतो उद्या ये. आज म्हटलं, होऊनच जाऊ दे एकदाचं. शटर अर्धं ओढलंय ते एवढ्यासाठी की मधेच कुणी पेनड्राइव्ह घेऊन आत शिरायला नको, दुसरं काही नाही. घाबरतेस काय अशी? मोठा दीर आहे मी तुझा, परका आहे का? ज्ञानेश होता तेव्हा माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाहीस, आणि आता बघतो तर पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, अंबडच्या कंपनीत पॅकिंगला जातेस म्हणे. चांगलं आहे. माणूस गेला की बायका किती लवकर शिकतात. रागावलीस? रागावू नकोस, माझं बोलणंच असं आहे, तुला काय नवीन आहे का. तीनला लाईट जाते सिडकोत, तोवर उरकू.

तर काय म्हणत होतीस तू — काळी पाटी. हो, अगदी बरोबर बोललीस. लॅपटॉप चालू केला की आधी काळी पाटी यायची, तिच्यावर दोन नावं यायची, वरचं लिनक्स, खालचं विंडोज. खालचं दाबलं की तुमच्या पोरीचे, तेजस्विनीचे गेम, वरचं दाबलं की ज्ञानेशचं सगळं — त्याचे फोटो, त्याची गाणी, त्याचे ते व्हिडिओ. आणि आता पाटी येतच नाही. थेट विंडोज. तुझ्या नवऱ्याचं कुठेच काही दिसत नाही. आणि मी तुला काय सांगितलं होतं? गेलं म्हणून सांगितलं होतं. गेलं, व्हायरसने खाल्लं, आता विसर. आणि तू काही विसरत नाहीस. तुला तो वाटणीचा व्हिडिओ पाहिजे. दुसरं काही नको, फोटो नको, गाणी नको, तेवढा एक व्हिडिओ द्या दादा. का, ते मला माहीत आहे आणि तुलाही. त्यात मी बोललोय. माझ्या तोंडाने, आईसमोर, मोतीराम मामांसमोर — रस्त्याकडचा वाटा धाकट्याचा. तेवढं एक वाक्य तुझ्या हातात आलं की रस्त्याकडचा एकर तुझा. नाही आलं तर नाल्याकडच्या चिखलात बस. एवढी साधी गोष्ट आहे, उगाच आडपडदा कशाला?

आता नीट ऐक, साध्या भाषेत सांगतो, तुझ्या डोक्यात शिरेल असं. हार्डडिस्क म्हणजे आपला मळाच समज. मळा एक, बिऱ्हाडं दोन. मग काय करायचं? मधे बांध घालायचा. त्याला इंग्रजीत पार्टिशनच म्हणतात, वाटणी — मी पदरचं सांगत नाही. एका वाट्यात विंडोज नांदणार, दुसऱ्यात लिनक्स. आता लिनक्सला विंडोजच्या घरातलं दिसतं, पण विंडोजला लिनक्सचं घरच दिसत नाही, तिला वाटतं तिकडे पडीक रान आहे, कुणी राहत नाही. थोरल्यांचा स्वभाव! आणि अगदी सुरुवातीला एक इवलीशी जागा असते, तिथे लिहिलेलं असतं या मळ्यात कोण कोण राहतं. सातबाराच म्हण ना. लॅपटॉप उठला की आधी तेवढा सातबारा वाचतो आणि त्यावर जी नावं असतील ती तुला दाखवतो. तीच तुझी काळी पाटी. आलं लक्षात? मान तरी हलव.

आणि त्यातली मेख अशी की आधी विंडोज टाकायची, मग लिनक्स. लिनक्स मागून आलं तर ते सातबाऱ्यावर दोघांची नावं लिहितं. पण विंडोज मागून टाकलीस तर ती फक्त स्वतःचं नाव लिहिते. दुसरं कुणी राहतं का, विचारतसुद्धा नाही. ‘दादा, थोरला आधी बसवायचा. धाकटा मागून आला तर थोरल्याला धरून राहतो. थोरला मागून आला तर धाकट्याचं नाव पुसतो.’ हे कोण म्हणायचं सांग. तुझाच नवरा. इथेच, तू बसलीस त्या स्टुलावर बसून. म्हणायचा आणि खो खो हसायचा, माझ्याच दुकानात, माझ्याच तोंडावर. त्याच्या मनात काही नसायचं गं, मला माहीत आहे, त्याच्या मनात कधीच काही नसायचं, तोच तर त्रास होता त्याचा.

हे दुकान त्यानेच टाकून दिलं मला, हे तू सांगत फिरतेस ना भावकीत? सांग की. खरंच आहे. मी पंधराव्या वर्षापासून सायकलवर झेंडूच्या करंड्या लादून फुलबाजार गाठत होतो, उजाडायच्या आत, थंडीत बोटं वाकायची नाहीत, आणि हा शाळेत. मग डिप्लोमा. मग अंबडला नोकरी. आणि एक दिवस येऊन म्हणतो, ‘दादा, आता फुलं पुरे, तुला कॉम्प्युटर शिकवतो.’ पस्तिशीच्या माणसाला हा धाकटा हाताला धरून माऊस फिरवायला शिकवतोय — आणि मी शिकलो. स्क्रू कुठला, रॅम कुठली, विंडोज कशी टाकायची, सगळं त्याच्याकडून. बाहेरची पाटीसुद्धा त्यानेच रंगवली, ‘खंडेराव कॉम्प्युटर्स’. लोक म्हणतात, केवढा गुणाचा भाऊ! तुला माहीत नाही, असा गुणाचा भाऊ उरावर घेऊन जगायचं म्हणजे काय असतं ते. वाईट भाऊ परवडला. वाईट भावाला निदान शिवी देता येते.

असो. व्हायरसचं सांगत होतो. ज्ञानेशचा दहावा झाला आणि मी तुझ्याकडून लॅपटॉप मागून घेतला, आठवतं? म्हटलं, कंपनीचे काही कागद असतील तर बघतो, विम्याला लागतील. तू दिलास. डोळे सुजलेले तुझे, चार्जरसकट दिलास. आणि चार दिवसांनी मी सांगितलं, व्हायरस निघाला, विंडोज नवी टाकावी लागली. व्हायरस कुठला? तो माणूस दुसऱ्याची सीडी आत घालायच्या आधी सदऱ्याला पुसून घ्यायचा, त्याच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस येतोय होय! नव्हताच. मी विंडोजची सीडी घातली आणि थोरल्याला मागून बसवलं. मुद्दाम. चूकबीक काही नाही.

अशी बघू नकोस माझ्याकडे. जा, सांग कुणाला सांगायचंय ते. काय सांगशील? तलाठ्याला जाऊन सांगशील, ‘मोठ्या दिरांनी विंडोज मागून टाकली’? तो विचारील, बाई, डोकं ठिकाणावर आहे का? सातबाऱ्यावर तुझं आणि तेजस्विनीचं नाव लागलंय, मी कुठे नाही म्हणतोय, वारसाची नोंद झाली, मीच सोबत आलो होतो. पण कुठला तुकडा कुणाचा, ते त्यावर नाही. घरात बसून वाटणी झाली, कागद झाला नाही. आज करू, उद्या करू — ज्ञानेशला कंपनीतून सुट्टी मिळेना आणि मला घाई नव्हती. मग आई गेली. मग त्याचा तो मोटरसायकलचा अपघात. पंच म्हणशील तर एकटे मोतीराम मामा. मामांना आठवत नाही. मी दर गुरुवारी जातो त्यांच्याकडे, विडीचं बंडल नेतो, तासभर बसतो, आणि त्यांना आठवत नाही. गेल्या गुरुवारीही विचारलं, मामा, काही आठवतं का? म्हणाले, नाही बा.

थांब, थांब, रडायला काय झालं, रडण्यासारखं अजून सांगितलंच नाही मी. हे पुस. नाक पण पुस. तुला चांगली बातमी देतो. तुझ्या नवऱ्याचं काही गेलेलं नाही. एक अक्षर गेलेलं नाही. मी फक्त सातबाऱ्यावरचं नाव पुसलं, घर आहे तसं उभं आहे. विश्वास नाही? ही बघ सीडी, लिनक्सची. ही पण त्याचीच. परदेशातून फुकट यायच्या पोस्टाने, पाच-पाच, दहा-दहा, पोस्टमन विचारायचा, खंडेराव, तिकडं कोण पाव्हणा आहे तुमचा? ही आत घातली की लॅपटॉप सीडीवरूनच उठतो, आतल्या डिस्कला हात लावत नाही. घरघर ऐकतेस ना? जरा वेळ लागतो. इकडे ये, पण काउंटरच्या अलीकडे नाही, तिथूनच बघ, मी वळवतो तुझ्याकडे… आलं. हे बघ. दिसतंय? ‘कंपनी’. ‘गाणी’. ‘तेजू’. ‘मळा’. सगळं जिथल्या तिथे. ती पाटी परत आणायची म्हणजे एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, झालं. दहा मिनिटांचं काम. अंबडमधला कुठलाही कॉम्प्युटरवाला चहा पिता पिता करून देईल. तीन महिने तू दहा मिनिटांच्या कामासाठी माझ्या पायऱ्या झिजवल्यास, आणि मला — खोटं कशाला बोलू — मला बरं वाटायचं. तू पायरीवर चप्पल काढायचीस ना, दुकान असूनसुद्धा, ते बघून बरं वाटायचं.

आता कामाचं बोलू. हा कागद. वाच, मोठ्याने नको, मनात वाच. नाल्याकडचा दीड एकर तुमच्या नावावर, रस्त्याकडचा एकर माझ्या. एक घेतो आणि दीड देतो, असा दीर दिवा घेऊन शोधलास तरी सापडणार नाही. हो, पाणी साचतं. हो, चार महिने पाय घालता येत नाही, मला काय सांगतेस, माझा जन्म गेला त्यात. पण दीड एकर आहे. सही कर, आणि तुझ्या नवऱ्याचं सगळं मी तुला या मिनिटाला सीडीवर काढून देतो — फोटो, गाणी, तेजूचं पहिलं चालणं, त्याचा आवाज. फक्त तो ‘मळा’ सोडून. विचार कर. पोरीला बापाचा आवाज पाहिजे की जमीन? काय नाही? मान काय हलवतेस? ‘त्यांनी आमच्यासाठी ठेवलेलं आहे’ — अगं, तो काय ठेवतोय! आज आहे आणि उद्या नाही हे ज्याला कळलं नाही, साधा कागद करून ठेवता आला नाही, त्याने काय ठेवलं तुमच्यासाठी? डबल बूट करून ठेवलं! दोन नावांची पाटी करून ठेवली, आणि खऱ्या सातबाऱ्याच्या वेळी ओव्हरटाइम.

बरं. नको करूस. मी तुला बघू देतो, मग ठरव. नाही, खरंच. तू तरी एकदाच बघितला असशील ना तो, त्याच्याबरोबर? बघ आता, ‘मळा’, आणि हा. सहा मिनिटं बारा सेकंद. कंपनीचा कॅमेरा आणला होता आणि कपाटावर ठेवून दिला, म्हणून सगळे तिरपे दिसतात. हा मी, टोपीवाला. हे मामा, तेव्हा दात होते त्यांना. हा तुझा नवरा, पांढरा शर्ट, कॉलर बघ, नीट केलीस नाही त्याची कधी. आणि ही आई. रंगूबाई. दसऱ्याचा दुसरा दिवस, झेंडू सगळा बाजारात जाऊन आलेला, हात पिवळे आहेत अजून तिचे, दिसतात का? ऐक — ‘चहा ठिव गं प्रतिभा, मामा आलेत. साखर कमी घाल, मागल्या बारीला पाक केला व्हता.’ तुलाच म्हणतेय. हसलीस! बघ, हसू येतं की तुला.

आपल्यात रीतच आहे ती, वाटे थोरल्याने पाडायचे आणि आधी उचलायचा धाकट्याने. म्हणजे पाडणाऱ्याला चोरी करता येऊ नये. जुनी माणसं काय भोळी नव्हती. दोन्ही वाट्यांतलं एकेक ढेकूळ आणायचं, ताटात ठेवायचं, आणि आपण फुलवाले म्हणून ढेकळावर एकेक फूल. ते बघ ताट. हे मी बोलतोय — ‘गुलाब नाल्याकडचा, दीड एकर. झेंडू रस्त्याकडचा, एक एकर. उचल ज्ञानेश.’ बस, एवढंच आहे, पुढे काही नाही, बंद करतो. — काय? पूर्ण बघायचंय? काय करायचंय पूर्ण बघून, तू आत चहा करत होतीस तेव्हा, आणि नंतर बघितलास की त्याच्या मांडीला मांडी लावून. बरं, बघ. बघ बाई.

हा बघ, हात पुढे आला त्याचा. कुठे गेला? गुलाबावर. आता इकडे बघ, माझ्याकडे, टोपीवाल्याकडे. श्वास धरलाय मी. कळतं? त्याला लहानपणापासून गुलाबाचं वेड, शाळेत जाताना दप्तरात पाकळ्या भरून न्यायचा, मार खायचा आणि न्यायचा. मी वाफ्यातला सगळ्यात चांगला गुलाब शोधून आणला होता त्या दिवशी, लालभडक, अर्धा उमललेला, आणि तो ठेवला नाल्याच्या ढेकळावर. रस्त्याच्या ढेकळावर झेंडू, दसऱ्याचा उरलेला, माना टाकलेला. म्हटलं, हा काय ढेकूळ बघणार आहे का? हा फूल बघणार. डोळे मिटून गुलाब उचलणार आणि वर म्हणणार, दादाने मला मोठा वाटा दिला. आणि महिन्याभरात रस्ता मंजूर झाल्याचं छापून आलं की मी म्हणणार, अरे, मला तरी काय माहीत! नगररचनेतल्या एकाने मला नकाशा दाखवला होता, साठ फुटी रस्ता, आपल्या बांधाला लागून. दसऱ्याच्या आधीच दाखवला होता. काय चुकलं माझं? पंधराव्या वर्षापासून करंड्या मी वाहिल्या, गुलाब मी लावला, तू फक्त दप्तरात नेलास —

आणि हा हात मागे घेतो. बघ. बघ, घेतला मागे. ऐक काय म्हणतो ते. थांब, मागे घेऊन परत लावतो. ‘गुलाब दादाला राहू दे. त्यानेच लावलाय.’ आणि झेंडू उचलला! दीड एकर सोडून एक उचलला, मला जास्त मिळावं म्हणून. मामा बघ कसे मान डोलावतात. आणि हे मी — ‘बरं, रस्त्याकडचा वाटा धाकट्याचा.’ म्हणावंच लागलं. मला काय झालं असेल तेव्हा, सांग. मी चोरी करायला बसलो होतो आणि यानं मला दान दिलं. चारचौघांत. हसत. मूर्ख होता तुझा नवरा, पक्का मूर्ख, आणि मी त्याचा असा राग राग केला त्या दिवसापासून, की तो गेल्याचा फोन आला ना, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं ते तुला सांगितलं तर तू या दुकानात थुंकशील. रस्ता, असं आलं. आधी रस्ता आला मनात, मग तो.

आणि आता आई. आता, आता बघ, ज्ञानेशने झेंडू उचलल्यावर. बघितलंस? ती त्याच्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघते. ताट तिनेच मांडलं होतं, फुलं मी बदलली, मागच्या दाराने आली तेव्हा माझा हात ताटात होता. तिने बघितलं होतं. आणि इथे, हे तीन सेकंद, ती नुसती माझ्याकडे बघते आणि मग म्हणते, ‘चला, त्वांड गोड करा.’ काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. पुढच्या श्रावणात गेली तोवर नाही. मी रोज तिला जेवणाचं ताट न्यायचो, वाटायचं आज बोलेल. शंभर वेळा बघितले असतील हे तीन सेकंद मी. जास्तच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की —

काय? काय म्हणालीस?

मला रस्त्याचं आधीच माहीत होतं, असं कोण म्हणालं? मी म्हणालो? आत्ता? … हां. म्हणालो खरं. फुलांचंही म्हणालो. बघ, बोलता बोलता माणूस काय काय बोलतो. तू काही बोलत नाहीस ना, त्याचा त्रास होतो. आई पण अशीच. कुठे निघालीस? उठलीस कशाला? लॅपटॉप द्या? आता लॅपटॉप द्या! अंबडला नेतेस होय, त्याच्या कंपनीतल्या मित्राकडे. हो, मीच सांगितलं दहा मिनिटांचं काम आहे म्हणून. आणि मग भावकीत बसवून दाखवशील, मामांना दाखवशील, मामांना आठवेल. तेजस्विनीला दाखवशील — हे बघ, हे तुझे बाबा, आणि हा टोपीवाला मोठा काका, आणि ही आजी काकाकडे अशी का बघते माहीत आहे का तुला? हात मागे घे. काउंटरच्या आत हात घालायचा नाही. मागे घे म्हटलं ना!

पुसणं दोन प्रकारचं असतं, प्रतिभा. एक कचऱ्याच्या डब्यातलं, ते परत उचलता येतं. नाव पुसलं तरी शोधून काढता येतं, ते तर बघितलंसच. दुसरं म्हणजे त्या जागेवर वरून काहीबाही लिहीत सुटायचं, गिरवत राहायचं, तीनदा, म्हणजे खाली काय होतं ते ब्रह्मदेवालाही वाचता येत नाही. तेही मला त्यानेच शिकवलं. जुना कॉम्प्युटर विकताना गिऱ्हाइकाचं खासगी कुणाच्या हाती लागू नये म्हणून, म्हणाला, दादा, लोक विश्वासाने देतात आपल्याकडे. इंग्रजी पाच अक्षरं लिहायची आणि पुढे फायलीचं नाव. हे लिहिलं. एंटर मारलेलं नाही. शेवटचं विचारतो, सही करतेस? पेन तिथे आहे.

मला माहीत आहे आई आहे त्यात. मला नको सांगूस. भिंतीवरचा तो फोटो रेशनकार्डाचा मोठा केलेला, त्यात डोळे मिटलेत तिचे. तिचा आवाज दुसरीकडे कुठे नाही, ना कॅसेटमध्ये ना फोनमध्ये, माझीच आई होती ती, तुझ्या आधी माझी होती. सही करतेस की नाही? … नाही. वा. शाबास. नवऱ्याची बायको शोभतेस.

मग हे घे.

ओरडू नकोस, शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. एकदा झालं. छोटीच फाईल आहे, वेळ नाही लागत. दोनदा. — सोड वायर, उपटून काय होणार आहे, बॅटरी आहे त्याला. सोड. — तीनदा.

झालं. बघ, ‘मळा’ रिकामा. आता तू म्हणशील ते मी नाही म्हणेन, आणि मी म्हणेन ते मामा हो म्हणतील. बाकीचं सगळं आहे तसं आहे, त्याला हात लावला नाही मी, तेवढा काही मी हा नाही. तेजूचं चालणं आहे, गाणी आहेत. घे, उचल. चार्जर पिशवीत घाल. कागदावर सही तू आज ना उद्या करशीलच, मला घाई नाही.

बसलीस का परत? जा आता. तीन वाजायला आले, पोरीची शाळा सुटेल. … एक सांगून जा फक्त. तू आत्ता बघितलंस ना आईला, ते तीन सेकंद? नीट बघितलंस ना? मग सांग. रागावली होती का ती? की नुसतीच बघत होती? की तिला — म्हणजे तिला माझी कीव आली होती? मला शंभर वेळा बघून कळलं नाही. तू बाईमाणूस आहेस, तुला कळलं असेल. बोल ना. तुझ्याशिवाय आता दुसऱ्या कुणाला विचारू मी? प्रतिभा. बोल की.

… नको बोलूस. जा. जा म्हटलं ना.